नॉर्वेची किनारी मासेमारी : यंत्राचे बळ आणि कायद्याची वेसण

नॉर्वे हा युरोप खंडाच्या वायव्य कडेस पसरलेला डोंगराळ व चिंचोळा देश आहे. त्याच्या एकूण भूमीपैकी जेमतेम ३ टक्के भूमी लागवडीस योग्य आहे. डोंगरांचे कडे ठिकठिकाणी सरळ समुद्रात उतरले असून त्यांच्यामधून समुद्राच्या खोल व अरुंद खाड्या कित्येक मैल आत शिरल्या आहेत. या खाड्यांस तेथे फियोर्ड म्हणतात. फियोर्ड व बेटे यांचा काठ धरून मोजल्यास या देशाचा किनारा सुमारे एक लाख किलोमीटर भरतो. अटलांटिक महासागरातील उबदार प्रवाह या किनाऱ्याला लागून वाहतो. त्यामुळे उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडेही तेथील बंदरे हिवाळ्यात गोठत नाहीत व मासेमारी बारमाही चालू शकते. जमिनीने हात आखडता घेतला तरी समुद्राने या देशाला सढळ हाताने दिले आहे.

तथापि, समुद्राचे हे धन अक्षय नाही, हा धडा नॉर्वेला दोन वेळा मोठी किंमत मोजून शिकावा लागला. नौका जसजशी बळकट होत गेली, तसतशी तिला आवर घालणारी व्यवस्थाही बळकट करावी लागली. ही व्यवस्था कशी उभी राहिली, तिने काय साधले व तिच्यापायी काय गमवावे लागले, हे समजून घेण्यासारखे आहे.

मच्छीमार-शेतकरी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावरील कुटुंब केवळ शेतकऱ्याचे नसे आणि केवळ मच्छीमाराचेही नसे. दोन-तीन गाई, काही मेंढ्या, बटाट्याचा वा जवाचा एखादा तुकडा व गवताचे रान एवढी त्याची शेती असे, आणि काठाला एक होडी बांधलेली असे. अशा माणसास तेथे फिस्कारबोन्दे, म्हणजे मच्छीमार-शेतकरी, असे म्हणत. हिवाळ्यात पुरुष मासेमारीस दूर जात. त्या काळात गोठा, जनावरे, मुले व वृद्ध माणसे यांचा सारा भार घरच्या स्त्रीवर पडे. उन्हाळ्यात पुरुष परतले की जनावरांसाठी गवत कापून, वाळवून साठविण्याचे काम सर्वजण मिळून करीत. शेतीने घरचे अन्न भागे व मासळीने रोख पैसा मिळे. एक बुडाले तरी दुसऱ्याचा आधार राही.

मासेमारीस लागणारी जुनी होडी उघडी असे. तिला एकच चौकोनी शीड असे आणि वारा पडला की वल्ह्यांवर भिस्त असे. ११ फेब्रुवारी १८४९ रोजी लोफोटेन बेटांजवळ अचानक उठलेल्या वादळात सुमारे ५०० मच्छीमार बुडाले. अशा आपत्ती पुनःपुन्हा घडत. त्यामुळे १८९१ मध्ये समुद्रात सापडलेल्यांच्या सुटकेसाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. ती आजही कार्यरत आहे.

लोफोटेनचा हंगाम

नॉर्वेच्या किनारी मासेमारीचा मुख्य आधार म्हणजे कॉड हा मासा. त्याचे बहुतेक आयुष्य उत्तरेकडील बॅरंट्स समुद्रात जाते. पूर्ण वाढ झालेला कॉड मात्र दरवर्षी अंडी घालण्यासाठी शेकडो मैल पोहत लोफोटेन बेटांच्या आसपास येतो. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत हा हंगाम चालतो. या प्रवासी कॉडला तेथे स्क्राय म्हणतात. मोठी मादी एका हंगामात लक्षावधी अंडी सोडते. त्यांतील फार थोडी पिले जगतात, आणि किती जगतील हे त्या वर्षीच्या पाण्यावर व खाद्यावर अवलंबून असते. नॉर्वेजियन शास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी १९१४ मध्ये हेच तत्त्व मांडले. माशांच्या खवल्यांवरील वलयांवरून त्यांचे वय मोजून त्यांनी असे दाखवून दिले, की एखाद्या वर्षी जन्मलेली पिढी भरघोस निघते, तर अनेक वर्षांच्या पिढ्या दुबळ्या निघतात. पीकपाण्याप्रमाणेच समुद्रालाही सुकाळ व दुष्काळ असतात, हे त्यामुळे प्रथमच प्रमाणाने सिद्ध झाले.

१८९५ च्या हंगामात लोफोटेन येथे ३० हजारांहून अधिक मच्छीमार जमले होते. इतकी माणसे थोड्या पाण्यात एकत्र आली म्हणजे जाळी व गळ एकमेकांत गुंतणार आणि तंटे होणार हे उघडच होते. १८५७ च्या कायद्याने तेथील किनारमालकांचा समुद्रावरील हक्क संपुष्टात आणून पाणी सर्वांस मोकळे केले होते. पुढे १८९० मध्ये वाफेच्या बोटी घेऊन आलेल्या धनिकांनी मोठ्या जाळ्यांनी ट्रोलफियोर्ड या अरुंद खाडीचे तोंड अडविले, तेव्हा लहान होड्यांतील मच्छीमार त्यांच्यावर चालून गेले. हा संघर्ष नॉर्वेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यानंतर लोफोटेनमध्ये अशा वेढा घालणाऱ्या जाळ्यांवर बंदी आली. १८९७ च्या कायद्याने तर नियम करण्याचे बरेचसे काम खुद्द मच्छीमारांच्या निवडलेल्या समित्यांकडे सोपविले. कोणत्या पाण्यात जाळी लावावयाची, कोणत्या पाण्यात गळांच्या दोऱ्या सोडावयाच्या, हातदोरीवाल्यांसाठी कोणती जागा राखावयाची, हे या समित्या ठरवीत. पहाटे निशाणी दाखविली जाई व सर्व होड्या एकाच वेळी निघत. धनवानाला आधी आणि गरिबाला मागून, असे होऊ नये हा त्यातील हेतू होता.

मासळीचा भाव मच्छीमारांच्या हाती

मासा पकडला तरी भाव व्यापाऱ्याच्या हाती असेल तर मच्छीमाराचे कर्ज फिटत नाही. १९३० च्या सुमारास जागतिक मंदीत मासळीचे भाव कोसळले आणि किनाऱ्यावरील कुटुंबांची दैना झाली. त्यावर उपाय म्हणून १९३८ मध्ये कच्च्या मासळीच्या विक्रीचा कायदा करण्यात आला. मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्री संघटनेमार्फतच मासळीची पहिली विक्री झाली पाहिजे, आणि किमान भाव ठरविण्याचा अधिकार त्या संघटनेला राहील, असे या कायद्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी स्थापन झालेली व ट्रोम्सो येथे मुख्य कचेरी असलेली नॉर्गेस रोफिस्कलाग ही संघटना आजही उत्तरेकडील किनाऱ्यावर हे काम करते. धक्क्यावर मासळीचे वजन झाले की विक्रीची पावती तयार होते. तिच्यावर विकणारा व घेणारा अशा दोघांच्या सह्या होतात आणि तिची नोंद संघटनेकडे जाते. या पावत्यांमुळे दोन कामे साधतात : मच्छीमाराचे पैसे बुडत नाहीत, आणि कोणत्या नौकेने किती मासळी पकडली याचा हिशेबही सरकारला मिळतो. १९३८ च्या कायद्याची जागा पुढे २०१३ च्या नव्या कायद्याने घेतली, परंतु मूळ तत्त्व कायम ठेवण्यात आले.

आजची नौका

उघड्या शिडाच्या होडीची जागा विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेलाच्या इंजिनाने व बंदिस्त तळ असलेल्या लाकडी नौकेने घेतली. आज किनाऱ्यावर जी लहान नौका सर्वत्र दिसते तिला शार्क म्हणतात. इंग्रजीत मुशीला जे नाव आहे त्याच्याशी या शब्दाचा संबंध नाही. ही नौका सामान्यतः ८ ते ११ मीटर लांब व काचतंतूची असते. तिच्यावर एक किंवा दोन माणसे काम करतात. समोर काचेची बंद खोली असून तीत सुकाणू, रडार, उपग्रहावरून जागा दाखविणारे यंत्र व पाण्याखालील माशांचा थवा दाखविणारे ध्वनियंत्र असते. खाली निजण्यास जागा व चूल असते.

हातदोरीने मासे धरण्याची जुनी रीत अद्याप टिकून आहे, परंतु दोरी आता यंत्र ओढते. नौकेच्या कडेस अशी तीन-चार यंत्रे बसविलेली असतात. गळ तळाशी टेकला की यंत्र ते ओळखते, त्याला ठरलेल्या अंतराने खालीवर हलविते आणि वजन लागले की आपोआप वर ओढून घेते. एकट्या माणसाने पूर्वी जेमतेम एक दोरी सांभाळली असती, तेथे आता तो तीन-चार सांभाळतो. जाळी लावणाऱ्या नौकांवर तेलाच्या दाबाने चालणारे रहाट असतात. २०१५ मध्ये बॅटरीवर व डिझेलवर अशा दोन्ही प्रकारे चालणारी कारोलीने नावाची ११ मीटरची मासेमारी नौका तेथे पाण्यात उतरली. मासेमारीच्या जागी पोहोचल्यावर अशी नौका आवाज न करता बॅटरीवर काम करू शकते.

खोल समुद्रातील नौका याहून निराळ्या. ६० ते ८० मीटर लांबीचे ट्रॉलर व हेरिंग-बांगड्यासाठी वेढ्याचे जाळे टाकणाऱ्या नौका म्हणजे तरंगते कारखानेच होत. वेढ्याच्या नौकांवर मासळी पंपाने ओढून थंड केलेल्या समुद्रजलाच्या टाक्यांत सोडतात, तर अनेक ट्रॉलरांवर ती साफ करून तेथल्या तेथे गोठविली जाते. त्यांवरील खलाशी काही आठवडे समुद्रावर व नंतर तितकेच आठवडे घरी, अशा पाळीने काम करतात.

लहान नौका असो वा मोठी, मेहनताना बहुधा वाट्याने मिळतो. मासळीच्या उत्पन्नातून ठरावीक खर्च वजा जाता एक भाग नौकेचा व एक भाग माणसांचा असा हिशेब होतो. आपल्याकडील नाखवा, तांडेल व खलाशी यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. मासळी न मिळाल्यास खलाशाला किमान रक्कम मिळावी अशीही तरतूद तेथे आहे.

धक्क्यावरील दिवस

हंगामात शार्कवरील मच्छीमार पहाटेच्या काळोखात बंदर सोडतो. फेब्रुवारीत तेथे दिवस लहान असतो, थंडी बोचरी असते आणि लाटांचे तुषार नौकेवर गोठून बर्फाचा थर चढतो. तो वेळीच फोडून टाकला नाही तर नौका वरून जड होऊन कलंडण्याचा धोका असतो. आजही मासेमारी हा नॉर्वेतील अत्यंत धोक्याचा व्यवसाय समजला जातो, आणि लहान नौकेवर एकट्याने काम करणारा माणूस सर्वांत अधिक धोक्यात असतो. म्हणून व्यवसायी मच्छीमारास सुरक्षिततेचे शिक्षण घेणे सक्तीचे आहे. थंड पाण्यात तग धरण्यासाठी अंगभर पोशाख मिळू लागल्यापासून अनेकांचे प्राण वाचले आहेत.

मासा वर आला की लगेच त्याच्या गळ्याची शीर कापून रक्त वाहू देतात. त्यायोगे मांस पांढरे व टिकाऊ राहते. नौका त्याच दिवशी धक्क्याला लागते. तेथे कॉडचा कोणताही भाग वाया जात नाही. यकृतापासून औषधी तेल काढतात, गाबोळी खारवितात, डोकी वाळवून मुख्यतः नायजेरियात पाठवितात. कॉडची जीभ कापण्याचे काम परंपरेने गावातील मुलांचे आहे. शाळा सुटली की मुले सुरी घेऊन धक्क्यावर येतात व जिभा विकून स्वतःचे पैसे मिळवितात. व्यवसायाची पहिली ओळख त्यांना अशी होते.

बराच कॉड उघड्यावर वाळविला जातो. कोकणात बोंबलासाठी वलांडी उभारतात, तशाच तेथे लाकडी दांड्यांच्या उंच मांडवी उभारतात. डोके काढलेले दोन-दोन मासे शेपटीशी बांधून फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत त्यांवर टांगतात. मीठ मुळीच लावीत नाहीत. हवा गोठणबिंदूच्या आसपास व कोरडी वाऱ्याची असल्याने मासा न कुजता, माशी न बसता वाळतो व वर्षानुवर्षे टिकतो. ही सुकी मासळी मध्ययुगापासून परदेशी जात आली आहे. इटली हे तिचे आज मोठे गिऱ्हाईक आहे.

पहिला धडा : हेरिंग

१९६० नंतरच्या काही वर्षांत नॉर्वेच्या वेढ्याच्या नौकांवर दोन नवी साधने आली. एक, दूरवरचा थवा शोधणारे ध्वनियंत्र. दुसरे, अवजड जाळे वर ओढून घेणारी यांत्रिक कप्पी. ज्या जाळ्यास पूर्वी अनेक माणसांचे बळ लागे, ते आता थोड्या माणसांत व वाईट हवेतही ओढता येऊ लागले. पकड एकदम वाढली व सर्वत्र समाधान पसरले. परंतु ते अल्पकाळ टिकले. प्रौढ हेरिंगबरोबर लहान हेरिंगही तेल व मासळीचे पीठ करण्यासाठी प्रचंड प्रमाणात पकडले जात होते. बियाण्याचे धान्यच दळून खावे तसा हा प्रकार झाला. १९५० च्या सुमारास अंडी घालणाऱ्या हेरिंगचा जो साठा कोट्यवधी टन मानला जाई, तो १९७० च्या सुमारास जवळजवळ संपला. नंतर मासेमारी बहुतांशी बंद ठेवावी लागली. १९८३ मध्ये जन्मलेली एक भरघोस पिढी राखून वाढू दिल्यावरच साठा पुन्हा सावरला. म्हणजे दहा वर्षांच्या घाईची भरपाई होण्यास वीस वर्षे लागली.

दुसरा धडा : कॉड

१९७७ मध्ये नॉर्वेने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचे आर्थिक क्षेत्र जाहीर केले. त्याआधीच, १९७५ च्या करारान्वये, शेजारच्या सोव्हिएत संघाबरोबर संयुक्त आयोग नेमला गेला होता, कारण बॅरंट्स समुद्रातील कॉड दोन्ही देशांच्या पाण्यात फिरतो. असे असूनही १९८० नंतरच्या दशकाअखेर कॉडचा साठा खालावला. १८ एप्रिल १९८९ रोजी हंगाम चालू असतानाच किनारी नौकांची कॉड मासेमारी थांबविण्यात आली. शेकडो वर्षे मोकळा असलेला किनारा एका दिवसात बंद झाल्याचा धक्का तेथील जुनी माणसे अद्याप विसरलेली नाहीत.

पुढील वर्षापासून, १९९० मध्ये, प्रत्येक नौकेचा हिस्सा ठरवून देण्याची पद्धत सुरू झाली. तिच्या जोडीला इतर नियमही आहेत. १९८७ पासून पकडलेला कॉड व हॅडॉक पुन्हा समुद्रात फेकण्यास मनाई आहे. जे आले ते धक्क्यावर आणून त्याचा हिशेब द्यावाच लागतो. एखाद्या पाण्यात लहान मासे ठरावीक प्रमाणाहून अधिक आढळले तर ते पाणी तात्पुरते बंद केले जाते. कोळंबीच्या जाळ्यात तिरपी जाळी-चौकट बसवितात. तिच्या गजांतून कोळंबी पार होते व मोठे मासे वरच्या भोकातून निसटतात. या चौकटीची मूळ कल्पना एका नॉर्वेजियन मच्छीमाराची होती. हरवलेली जाळी समुद्रतळाशी वर्षानुवर्षे मासे मारीत राहतात. ती शोधून बाहेर काढण्याचे काम सरकारी मत्स्य-संचालनालय दरवर्षी करते.

या व्यवस्थेला फळ आले. २०१३ मध्ये दोन्ही देशांनी मिळून ठरविलेली कॉडची मर्यादा १० लाख टनांवर पोहोचली. नंतर पिलांच्या दुबळ्या पिढ्या आल्या, तेव्हा मर्यादा वर्षानुवर्षे खाली आणण्यात आली. २०२५ साठी ती ३ लाख ४० हजार टन इतकीच होती. साठा संपल्यावर बंदी घालण्याऐवजी साठा घटताच हात आवरावयाचा, हा १९८९ नंतरचा फरक होय. मर्यादा घटली तरी ट्रॉलर व लहान नौका यांच्यातील वाटणी आधीच ठरलेली असते, आणि तंगीच्या वर्षी ट्रॉलरांचा टक्का कमी केला जातो.

किंमत कोणी दिली ?

मासा वाचला, गावांचे काय झाले, हा प्रश्न उरतो. १९४० नंतरच्या दशकात नॉर्वेत एक लाखाहून अधिक मच्छीमार होते. आज ती संख्या सुमारे दहा हजारांवर आली आहे. यंत्राने माणसे कमी केली हे खरे, परंतु नौकेचा हिस्सा ही वस्तू मोलाची झाल्यानेही ती कमी झाली. १९९० मध्ये ज्यांना हिस्सा मिळाला त्यांना तो फुकट मिळाला. पुढे तो नौकेबरोबर विकला जाऊ लागला, आणि अनेक नौकांचे हिस्से एका नौकेवर एकत्र करण्यास मुभा मिळाली. आज हिश्शासह नौका विकत घेण्यास तरुण मच्छीमाराला मोठे कर्ज काढावे लागते. हिस्सा विकून नौका दुसऱ्या बंदरात गेली की गावातील मासळीचा कारखाना, बर्फाची सोय आणि शाळाही संकटात येतात. २०२० मध्ये नॉर्वेच्या महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात या बदलांवर टीका केली आणि किनाऱ्यावरील गावांवर झालेल्या परिणामांकडे लक्ष वेधले. जेथे मच्छीमार एकत्र राहत त्या लाकडी खोल्यांतून आज अनेक ठिकाणी प्रवासी उतरतात.

नौका बाहेरच्या भांडवलदाराच्या हाती जाऊ नये म्हणून कायद्यात पूर्वीपासून एक कुंपण आहे. नौकेची निम्म्याहून अधिक मालकी प्रत्यक्ष मासेमारी करणाऱ्यांकडेच असली पाहिजे, असा सामान्य नियम आहे. कारखान्यांच्या काही ट्रॉलरांना त्यातून सूट मिळाली आहे. शिवाय हिस्सा नसलेल्या लहान नौकांसाठी एक खुला गट ठेवलेला आहे. तरुणांना काही हिस्से वेगळे राखून दिले जातात. १२ ते २५ वर्षे वयाच्या मुलामुलींना उन्हाळ्यात मासे पकडून रीतसर विकण्याची सवलत आहे.

भारताशी जुना संबंध

नॉर्वेच्या या व्यवसायाशी भारताचा प्रत्यक्ष संबंध आला आहे. संयुक्त राष्ट्रसंघ, नॉर्वे व भारत यांच्यात १९५२ मध्ये करार होऊन केरळातील कोल्लमजवळ नींदकरा येथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. तो १९७२ पर्यंत चालला. लहान यांत्रिक नौका, बर्फाचा कारखाना, आरोग्य केंद्र व पिण्याच्या पाण्याची सोय या गोष्टी त्याने तेथे आणल्या. पारंपरिक मच्छीमाराचे जीवन सुधारावे हा मूळ हेतू होता. परंतु कोळंबीला परदेशी भाव मिळू लागताच ट्रॉलरांची संख्या वाढत गेली, अनेक नौका पैसेवाल्यांच्या हाती गेल्या आणि पारंपरिक मच्छीमार व ट्रॉलरवाले यांच्यात तीव्र संघर्ष झाला. अखेर १९८८ पासून केरळात पावसाळ्यात ट्रॉलरांवर बंदी घालण्यात आली. यंत्र नॉर्वेतून आले. परंतु ज्या विक्री संघटना, मालकीचे नियम व पाण्याच्या वाटण्या नॉर्वेत होत्या, त्या त्याच्याबरोबर आल्या नाहीत.

कोकणच्या किनाऱ्यावरही रापण, डोल, ट्रॉल व पर्ससीन यांच्या पाण्यावरून वाद होतात. नॉर्वेचा अनुभव असा, की असे वाद नुसत्या मनाईने मिटत नाहीत. मासे किती आहेत याची शास्त्रीय मोजणी, धक्क्यावरील प्रत्येक पाटीची प्रामाणिक नोंद, भाव ठरविण्यात मच्छीमाराचा हात आणि पाण्याच्या वाटणीत त्याचे मत या चारही गोष्टी असल्या, तरच कायदा समुद्रावर पाळला जातो. आणि हे सर्व साधल्यावरही एक प्रश्न नॉर्वेपुढे उरलाच आहे : राखलेला मासा पकडण्याचा हक्क उद्या कोणाकडे राहील? धक्क्यावर कॉडच्या जिभा कापणाऱ्या मुलाला मोठेपणी स्वतःची नौका घेता आली पाहिजे, यासाठी त्या देशाचे प्रयत्न अद्याप चालू आहेत.